दुसरा ठिपका

१७ ऑक्टोबरला सकाळी ठिपकेवाल्यांनी दोन हजार तीनशे चाळीस रुपयांची पावती फाडली, आणि तेव्हापासून त्यांचं चित्त थाऱ्यावर राहिलं नाही. कारण गिऱ्हाइकानं घासाघीसच केली नव्हती. आकडा ऐकला, नोटा मोजल्या, पावतीची घडी करून खिशात घातली. तीस वर्षं पंखे, मिक्सर, इस्त्र्या दुरुस्त करणाऱ्या माणसाला असं गिऱ्हाईक म्हणजे दारात उभं राहिलेलं संकटच वाटणार.

गिऱ्हाईक होता एका नाटक कंपनीचा व्यवस्थापक. त्याला बंदूक हवी होती. परग्रहावरची.

"खेळण्यांच्या दुकानात मिळते की," ठिपकेवाले म्हणाले.

"ती खेळण्यासारखी दिसते, काका. मला शंभर लढाया पाहिलेली हवी. जुन्या यंत्रांच्या भागांची. आणि चाप ओढला की निळा उजेड पडला पाहिजे."

घरी जेवताना त्यांनी हे बायकोच्या कानावर घातलं. ती म्हणाली, "अहो, कुणी पैसे बुडवले तर तुम्हाला झोप नाही, आणि दिले तरी नाही. एकदा ठरवा तरी!"

ठिपकेवाले हे त्यांचं नाव नव्हे. दुकान काढलं त्याच वर्षी एका माणसानं भर बाजारात त्यांच्यावर आळ घेतला होता, की माझ्या पंख्याची चांगली मोटर काढून तुम्ही जुनी बसवलीत. आळ खोटा होता, पण तो खोडून काढायला हातात काही नव्हतं. त्या दिवसापासून दुकानात आलेल्या प्रत्येक वस्तूला ते बायकोच्या नखांच्या लाल रंगाचा एक ठिपका लावू लागले. तोही उघड्यावर नाही, तर झाकणाच्या आत, नळीच्या काठाखाली, त्यांच्याखेरीज कुणाला सापडणार नाही अशा जागी. गल्ल्यामागे त्यांनी पाटी लावली होती: 'येथे वस्तू हरवल्याचे दाखवा, दुकान बंद करतो.' अजून कुणी दाखवलं नव्हतं.

तीन वर्षं कुणी न्यायला न आलेली वस्तू वरच्या फळीवर जाई आणि तिचे सुटे भाग कामाला येत. मात्र मालकानं मुदत मागितली, तर पहिल्या ठिपक्याशेजारी दुसरा पडे. दोन ठिपक्यांच्या वस्तूला हात लावायचा नाही. मुदतीची नोंद ते वहीत करत नसत. वही काय, कुणीही वाचतो, कुणीही खोडतो.

बंदुकीचं काम सुरू झालं तसा व्यवस्थापक रोज दुपारी येऊन स्टुलावर बसू लागला. काम बघतो म्हणे. पण त्याची नजर हातांवर कमी आणि फळीवर जास्त, असं ठिपकेवाल्यांनी दुसऱ्याच दिवशी हेरलं. तिसऱ्या दिवशी त्यानं वर बोट दाखवलं.

"काका, तो जाड पत्र्याचा हेअर ड्रायर घ्या ना. बंदुकीचं धड आयतंच आहे."

हा इतकी पारख करून आलाय म्हणजे पाणी मुरतंय, असं त्यांच्या मनानं घेतलं. तरीही ड्रायर खाली काढला. वहीत पाहिलं, तीन वर्षं उलटून पाच महिने झाले होते. वारा फेकणाऱ्या तोटीच्या आतला ठिपका बघण्यासाठी ती दिव्याकडे धरणार, तेवढ्यात व्यवस्थापक उठून कोपऱ्यातल्या कपाटाकडे गेला. ठिपकेवाल्यांची नजर त्याच्या पाठीमागे गेली. कपाटावर फक्त पाण्याची बाटली होती. तो पाणी प्यायला आणि परत येऊन बसला. यांनी मात्र एक डोळा त्याच्यावर ठेवूनच तोटी शिकंज्यात आवळली आणि करवतीनं बोटभर कापून टाकली. कापलेल्या जागी कॅमेऱ्याच्या भिंगाची कडी चपखल बसली.

मग सायकलच्या ब्रेकचा चाप झाला. टॉर्चचा आरसा आत गेला, मुठीत बॅटरी बसली, बाजूला एका बंद पडलेल्या स्टॅबिलायझरचं काटेवालं मीटर आलं. काळा रंग दिला आणि वाळल्यावर कडा पॉलिश पेपरनं घासून पत्रा उघडा केला, म्हणजे ती शंभर हातांतून फिरल्यासारखी दिसावी. चाप ओढला तेव्हा भिंतीवर निळं वर्तुळ पडलं. व्यवस्थापकानं पहिल्यांदाच मोकळा श्वास सोडला.

"खरं सांगू, काका? मागचा कारागीर पैसे घेऊन पसार झाला. म्हणून रोज येऊन बसत होतो. तुम्ही फळीवरचं सामान विकून गाव सोडाल की काय, अशी धास्ती होती."

"मी?" ठिपकेवाले म्हणाले.

बंदूक गेली त्याला चार दिवस झाले, आणि पार्लरवाल्या बाई पावती घेऊन आल्या.

"भाऊ, माझा ड्रायर द्या. नवं पार्लर उघडलं एकदाचं."

"बाई, तीन वर्षं होऊन गेली. नियम पावतीमागे छापलाय."

"आणि गेल्या वर्षी येऊन मुदत मागितली ती कुणाकडे? तुम्हीच म्हणालात, ठेवतो. माझ्यासमोर ती लाल बाटली उघडलीत."

ठिपकेवाल्यांना आठवेना. ही बाई बनवते आहे, असं त्यांना वाटलं. पण लाल बाटलीचं तिला कसं ठाऊक? उद्या या, म्हणून त्यांनी तिला वाटेला लावलं, शटर अर्धं ओढलं आणि भंगाराचा डबा जमिनीवर उपडा केला.

तोटीचा कापलेला तुकडा तळाशी निघाला. बोट घालून त्यांनी धूळ पुसली. आत, काठाखाली, शेजारी शेजारी दोन ठिपके होते.

तुकडा बांगडीएवढा. गटारात टाकला असता तर कुणाला कळणार होतं? वहीत नोंद नाही, बाईकडे पुरावा नाही. ठिपकेवाल्यांनी तो तळहातावर घेतला. तीस वर्षांपूर्वी भर बाजारात आपण खरे होतो आणि हातात काही नव्हतं, हे त्यांना राहून राहून आठवत होतं. मग त्यांनी उठून पाटी काढली आणि भिंतीकडे तोंड करून ठेवली.

दुसऱ्या दिवशी बाईंपुढे त्यांनी तुकडा ठेवला आणि काय घडलं ते सगळं सांगितलं.

बाईंनी तुकडा उलटा-सुलटा करून पाहिला. "म्हणजे माझा ड्रायर नाटकात काम करतोय? भाऊ, थापा तरी पटतील अशा मारा."

"संध्याकाळी प्रयोग आहे. चला, दाखवतो."

प्रयोगानंतर पडद्यामागे ठिपकेवाल्यांनी बंदूक हातात घेऊन भिंगाची कडी उतरवली. बाईंनी तुकडा तोटीला लावून पाहिला. तंतोतंत जुळला.

"आत्ताच्या आत्ता द्या," बाई म्हणाल्या.

"अजून तीन प्रयोग आहेत हो, ताई!" व्यवस्थापक रडकुंडीला आला. "नायक काय रिकाम्या हातानं ग्रह जिंकणार?"

बाईंनी त्याच्याकडे, मग ठिपकेवाल्यांकडे पाहिलं. दोघांपैकी कुणावरही विश्वास टाकावा असं त्यांना वाटलं नसावं. "ठीक आहे. तिन्ही प्रयोगांना मी पहिल्या रांगेत बसणार. फुकट."

त्या बसल्याही. शेजारच्या खुर्चीत ठिपकेवाले. नायकानं बंदूक रोखली की सगळं थिएटर श्वास रोखून धरी, आणि बाई ठिपकेवाल्यांच्या कानाशी पुटपुटत, "नीट धरा म्हणावं त्याला, आपटेल."

शेवटच्या प्रयोगानंतर ठिपकेवाल्यांनी बंदूक खोलली. रंग खरवडला, मोटर परत बसवली, तोटीचा तुकडा पत्र्याच्या पट्टीनं जोडला. ड्रायर गरम वारा फेकू लागला. व्यवस्थापकाला पुढच्या दौऱ्यासाठी व्हॅक्यूम क्लीनरच्या नळीचं दुसरं धड करून दिलं, त्याचं काही घेतलं नाही.

"पट्टीमुळे तोटी वाकडी दिसते," बाई म्हणाल्या. "नवी घ्यावी लागणार. दोनशे द्या."

"बाजारात एकशे दहाला मिळते, बाई."

"मग आणा की एकशे दहाला."

दोन बाजार पालथे घालूनही त्या मापाची मिळाली नाही. ठिपकेवाल्यांनी एकशे दहा रुपये नेऊन दिले आणि सहीची पावती मागितली. बाई म्हणाल्या, पावती पुऱ्या पैशांची मिळेल.

पाटी अजून भिंतीकडे तोंड करून आहे. बाईंचे नव्वद रुपये द्यायचे बाकी आहेत.