खवले मागणारे डॉक्टर

आमचे कुडवा गावातले शेजारी, म्हणजे गुरांचे डॉक्टर, यांनी आयुष्यात कुणाचा चेहरा पाहिलाच नसावा. ते थेट डोळ्यांत शिरतात. माझ्या लग्नात हार पडायच्या आधीच त्यांनी नवरीच्या डोळ्यांवर टॉर्च मारून "बुबुळं एकदम साफ आहेत जी," असा निर्वाळा दिला होता. माणूस पक्का शाकाहारी, पण दर रविवारी नाक दाबून मासळीबाजारात उभा. मासळीवाली एकदा वैतागलीच, "मासोळी सोडून खवलेच कायले नेता जी?" नागपूरच्या प्रयोगशाळेतले त्यांचे मित्र त्या खवल्यांपासून पारदर्शक चकती बनवत, आणि जखमी बुबुळावर ती रुजते का, हे डॉक्टर रीतसर परवानगी घेऊन जनावरांवर तपासत. पहिल्या दोन चकत्या पांढऱ्या पडून वाया गेल्या, तरी पुढच्या रविवारी डॉक्टर पुन्हा बाजारात हजर.

मग अर्जुनी मोरगावकडच्या एका बाईचा बैल आला. एक डोळा आधीच गेलेला, दुसऱ्यात बोरीचा काटा घुसलेला. डॉक्टरांनी काही लपवलं नाही. "बाई, नवीन चीज आहे. दोनदा फसली. बिघडलं तर आहे तेही जाईल."

बैलाच्या मानेवर हात ठेवून बाई म्हणाली, "आताबी अंधारच पाहून राहिला बिचारा. करा जी तुमी."

चकती बसवली, टाके घातले, आणि डॉक्टर तिच्या गोठ्यातच मुक्कामाला राहिले. दर दोन तासांनी औषधाचे थेंब, आणि मधल्या वेळात बैलाला वर्तमानपत्र मोठ्यानं वाचून दाखवणं. गप्प माणसाला तो बिचकतो म्हणे! आठव्या दिवशी मी डबा घेऊन गेलो, तर दोघांच्या अंगाला एकच वास.

महिन्याभरानं तपासणी झाली, तेव्हा मीही सोबत गेलो. वारा लागून पापणी हलायला नको म्हणून डॉक्टरांनी मध्ये काच धरली आणि पलीकडून बोट नाचवलं. पापणी मिटली. पुन्हा नाचवलं, पुन्हा मिटली. बाईनं बैलाच्या गळ्यालाच मिठी मारली. "पाहून राहिला जी!"

डॉक्टरांनी वहीत लिहिलं, 'एकच जनावर. निष्कर्ष काढू नये.' आणि वही मिटून आणखी तीनदा बोट नाचवून पाहिलं.

परतताना वाटेतल्या सडक अर्जुनी गावच्या ढाब्यावर त्यांनी चष्मा काढून तोंड धुतलं. डाव्या बुबुळावर दुधाळ डाग दिसला. मी काही विचारायच्या आतच ते म्हणाले, "लहानपणी धानाचं पातं लागलं. आईनं मध घातला, पदरानं शेकलं. तिच्याजवळ दुसरं होतं काय? पण मरेपर्यंत स्वतःलाच दोष देत राहिली."

चहा निवत होता. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला.

"असती तर आज तिलाही आणलं असतं जी," ते म्हणाले, "बैल दाखवायले."