चहाच्या रंगाचा नाताळ

फ्लॉसीच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी नाताळचं टेबल काही तिच्या हाती आलं नव्हतं. ते थोरली जाऊ बेटी मांडायची. लाल प्लास्टिकचं कापड, हिरव्या झिरमिळ्या, मधोमध चमचमता तारा. त्या झगमगाटात मटणापेक्षा बटाटेच जास्त आहेत, हे पाहुण्यांच्या लक्षात यायचं नाही. एकोणऐंशी साली मात्र सासू सालोमी म्हणाली, यंदा धाकटीने मांडावं. जमलं तर दरसाल तिचं, नाहीतर पुन्हा बेटीचं. बेटी हसून ‘बरं’ म्हणाली. ते हसू ज्यांनी पाहिलं, त्यांनी फ्लॉसीसाठी मनातल्या मनात एक रोझरी म्हटली.

लग्नाआधी फ्लॉसी वांद्र्याला एका बाईंकडे कपडे शिवायला जायची. तिथल्या मासिकात तिने एक टेबल पाहिलं होतं. ना लाल, ना हिरवं; सगळं सायीच्या, बिस्किटाच्या, वाळक्या पानाच्या रंगाचं. तेव्हापासून ते तिच्या डोक्यात बसलं होतं. नवरा प्लासिड सातिवलीला कारखान्यात होता, त्याने येताना मांजरपाट आणला. तिने तो चहाच्या पाण्यात उकळला. करवंट्या घासून त्यांत दोन मेणबत्त्या बसवल्या. मधे पितळेची वाटी पाणी भरून ठेवली. तिच्यात शेवंतीचं एकच फिकट फूल सोडायचं होतं. नाताळच्या सकाळी एवढं मांडून ती फूल आणायला वाडीत गेली.

नेमकी तेव्हाच शेजारची आल्बिना करंज्यांचं ताट घेऊन आली. सालोमी दोन दिवस खोकत होती, चर्चमध्ये मिस्सालाही आली नव्हती, हे तिला ठाऊक होतं. आत कुणी दिसेना. सालोमीच्या खोलीचं दार बंद. आणि समोर हे टेबल. गावात अंथरुणाला खिळलेल्या आजाऱ्याला कम्युनियनचा प्रसाद द्यायला फादर घरी येतात, तेव्हा अगदी असंच मांडतात: पांढरट कापड, दोन मेणबत्त्या, फादरांना बोटं धुवायला वाटीभर पाणी. आल्बिनाने कुणाला विचारलं नाही. विचारलं असतं तर बातमी राहिली नसती.

वाडीभर हिंडून फ्लॉसी फूल घेऊन परतली तो बाहेरच्या खोलीत अकरा माणसं गुडघ्यांवर, हातांत रोझरीच्या माळा. सर्वांत पुढे बेटी. तिने मान न वळवता हळूच म्हटलं, “टेबल मांडायला दिलं होतं गं तुला. आईंना पोचवायला नाही.”

फ्लॉसीने मेणबत्त्या उचलल्या आणि कापडाचं टोक धरलं. तेवढ्यात दार उघडून सालोमी बाहेर आली, नवंकोरं लाल लुगडं नेसून. प्रार्थना अर्ध्यावर थांबली.

“कोण आजारी आहे?” तिने विचारलं.

आल्बिना म्हणाली, “तुम्ही.”

सालोमीने टेबल नीट पाहिलं. कापड बोटांत चाचपलं, रंग कशाचा ते विचारून घेतलं, चहा किती लागला तेही विचारलं. मग टेबलाच्या टोकाला जाऊन बसली. त्या फिक्या कापडापुढे तिचं लाल लुगडं असं उठून दिसलं की बेटीनेही नजर वळवली.

“राहू दे कापड,” सालोमी म्हणाली. “लाल मी नेसलेय, तेवढं पुरे. आल्बिना, आलीच आहेस तर ताटं लाव.”

जेवायला एवढी माणसं वाढली, तेव्हा बेटीला मटणात आणखी बटाटे घालावे लागले.

पुढच्या नाताळालाही टेबल फ्लॉसीनेच मांडलं. फक्त वाटीत फूल आधी सोडलं, मग मेणबत्त्या ठेवल्या.