वंदनाचा मूकपट

मंगळवारी दुपारी नांदेडला सलीमच्या फोटो स्टुडिओत चहा पीत बसलो होतो. लातूरहून फोन आला. वंदना गेली. माझी धाकटी बहीण. शाळेत शिकवता शिकवता खुर्चीत बसली, ती उठलीच नाही.

भेटायला येणारे हळू आवाजात सुरुवात करायचे आणि थोड्या वेळाने आमच्या सिनेमाचा एखादा किस्सा सांगत बसायचे. माणूस गेलं की किस्से असे साठत जातात. रडायला आलेली माणसं हसून जातात, मग त्यांनाच वाईट वाटतं.

*

वंदना कर्णबधिर मुलांना शिकवायची. "माझ्या पोरांचं काहीच सुटणार नाही असा सिनेमा काढू," म्हणाली. तसा शब्दच देऊन बसली त्यांना. म्हणून मूकपट!

गोष्ट परदेशातली, जुनी, भयाची. भाऊ बहिणीला मेली समजून पेटीत ठेवतो आणि शेवटी ती दार उघडून परत येते. भाऊ मी, बहीण ती, कॅमेरा सलीमचा.

सलीम म्हणाला, "मूक हाय तेच बरं. आपलं बोलणं ऐकून भूतबी हसलं असतं!"

*

पेटी मुखेडच्या सुताराने केली. झाकणाला भोकं!

"मामा, मेलेल्याला हवा कशाला?"

"आत वंदी झोपणार हाय न्हवं? भुताचं मला सांगू नका."

*

शूटिंग आमच्या मुखेडच्या घरीच. पेटीला खांदा देऊन मागच्या पडवीतून आलो, तर आई दारात उभी. अंगणात बादल्या भरलेल्या.

"आंघोळ केल्याबिगर कुणी उंबरा वलांडायचा न्हाई."

सलीम म्हणाला, "चाची, मैं तो बस कॅमेरा पकड्या!"

"पकडलास न्हवं? न्हा!"

सगळ्यांत आधी वंदना न्हाली. "माझंच सुतक, मलाच!" म्हणत.

*

त्या मंगळवारच्या आधीचा शनिवार. झालेला भाग वंदनाने वर्गात दाखवला, मी आणि सलीमही गेलो होतो. मरताना ती माझा हात धरून काहीतरी पुटपुटते. खाली पाटी येते : 'दादा, मला एकटीला सोडू नकोस.'

माझेच डोळे भरून आले. पोरं मात्र हसून लोळायला लागली!

त्यांनी ओठ वाचले होते. वंदना म्हणत होती, "दादा, मिशी सुटली तुझी. आणि तिकडं वरण करपून राहिलंय."

सलीमने कपाळाला हात लावला. "ये कायका मूकपट? सगळं बोलून राहिली ही!"

हसू ओसरल्यावर पोरांनी खुणेनं विचारलं, ती परत कधी येते?

वंदनानेही खुणेनंच सांगितलं, पुढच्या रविवारी शूटिंग आहे.

दार उघडून ती आत येते, तो शॉट घ्यायचा राहिला.