नानांचं घर मोजताना

परवा पार्ल्यात एक जुना बंगला पाडत होते. फुटलेल्या चुन्याचा दमट वास गल्लीभर पसरला होता, आणि मला वीस वर्षांपूर्वीचं नानांचं घर आठवलं.

मी तेव्हा आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला होते. पाडली जाणारी जुनी घरं मोजून त्यांचे नकाशे काढायचे होते. माझ्या वाट्याला नाना नावाच्या एका आजोबांचं कौलारू घर आलं. नाना ऐंशीचे होते आणि त्यांची दृष्टी पूर्ण गेली होती. मी टेप काढली तसे ते म्हणाले, "थांब गं, मी दाखवतो."

भिंतीवर हात फिरवत ते पुढे चालले. देव्हाऱ्यापासून खिडकी सात पावलं, तिथून मोरी चार. जिन्याच्या कठड्यावर एके ठिकाणी लाकूड झिजून गुळगुळीत झालं होतं. तिथे ते क्षणभर थांबले. "हिचा हात इथेच पडायचा," ते म्हणाले. मी भराभर आकडे लिहून घेत होते.

शेवटी त्यांनी विचारलं, "नव्या बिल्डिंगमध्ये आमचं दार कुठल्या अंगाला येईल?"

"तुम्हाला लिफ्ट मिळेल ना नाना, एकदम झकास," मी म्हणाले.

त्यांनी नुसती मान हलवली. मग भिंतीवर हात ठेवत ते देव्हाऱ्याकडे परत गेले.

माझ्या नकाशाचं कॉलेजात कौतुक झालं. नाना नव्या घरात रुळले का, हे मात्र मी कधी जाऊन पाहिलं नाही.

आता जुन्या इमारतींच्या जागी नव्या उभारायचं काम मीच करते. म्हातारी माणसं भेटली की गच्चीवर खडूनं खऱ्या मापात त्यांचं नवं घर आखते, आणि म्हणते, "चालून बघा."