न प्यायलेलं पाणी

शालनवहिनींच्या पायरीवर पाण्याने भरलेला पेला अजून तसाच आहे.

मघाशी आमच्या वस्तीत परदेशातल्या विद्यापीठाची मुलं आली होती. इथल्या लोकांच्या आरोग्याला काय हवं, याचा अभ्यास करायला म्हणे! एवढा समुद्र ओलांडून आमचे नळ बघायला कोण कशाला येईल? मला काही ते पटलं नाही.

सोबतच्या दुभाषी बाईंनी विचारलं, "पाणी चांगलं येतं का?"

"एकदम चांगलं!" आम्ही सगळ्याजणी म्हणालो. घरातलं उणं पाहुण्यांपुढे कोण काढतं? वहिनींनी लगेच पेला भरून दिला. त्या मुलांमधल्या एका उंच मुलीने तो दोन्ही हातांत धरला, गोड हसली आणि हळूच पायरीवर ठेवला. मग स्वतःची बाटली काढून तोंडाला लावली.

माझं डोकंच फिरलं. आमचं पाणी काय विष आहे?

ती गेल्यावर वहिनी म्हणाल्या, "उष्टं नाही केलं तिने. तू पी गं."

मी पेला उचलून उन्हात धरला, तळापर्यंत निरखला. पाणी रोजच्यासारखंच होतं. परक्याची नजर लागते म्हणतात. ती अशीही लागत असेल.

"नको वहिनी," मी पेला परत ठेवला, "आत्ताच पिऊन आले."