काळ्या वाळूवरचं मतदान

समितीनं ते वाक्य एकमतानं गाळलं, आणि त्या एकमतात माझाही हात वर होता. हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं मी सरांवर आणि आप्पांवर जे तोंड सोडणार आहे, ते वाचून कुणाला वाटायचं की ही पोरगी बाजूला उभी होती.

आप्पा म्हणजे माझे वडील. शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डर होते. दिवसभर वाळूचे साचे करायचे आणि संध्याकाळी समितीची पत्रकं वाटायचे. नव्वदच्या दशकात मी अक्षरं शिकले ती पत्रकांच्या घड्या घालता घालता. भट्टीचा धूर, नदीत सोडलेली मळी, गावच्या विहिरीवर आमच्या वस्तीला होणारी आडकाठी, सगळ्यावर पत्रक निघायचं. खाली कुणाचं नाव नसायचं. नाव घातलं की माणसाला कामावरून काढतात, हे आमच्या गल्लीत सगळ्यांनी बघितलेलं होतं. म्हणून पत्रक सगळ्यांचं. प्रत्येक वाक्य मोठ्यानं वाचायचं, हात वर करून मोजायचे. बहुमत ठरलं की पुन्हा एकदा हात वर करायचे, या खेपेला सगळ्यांनी. विरोधात असलेल्यांनीसुद्धा. मग वहीत लिहायचं, ‘एकमताने मंजूर’. मला या रीतीचा फार अभिमान होता. शाळेत मी पोरींना सांगायची, तुमच्या घरी वडील ठरवतात, आमच्या घरी मतदान होतं.

दोन हजार सालानंतर काही वर्षांनी घाटाखाली समुद्राकाठी अणुऊर्जा प्रकल्पाची जागा ठरल्याची बातमी आली. मी तेव्हा बी.एस्सी.ला होते, विषय भौतिकशास्त्र. समितीचे प्रमुख म्हणजे आमचे सर, निवृत्त शिक्षक. ते म्हणाले, ‘‘प्रकल्प उभा राहण्याआधी किनारा मोजून ठेवायचा. उद्या किरणोत्सर्ग वाढला तर हे लोक म्हणणार, इथं आधीपासून एवढाच होता. तेव्हा आपण आपली वही काढायची.’’

मला आजही हा विचार चोख वाटतो. समितीच्या ओळखीच्या एका डॉक्टरांनी किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र मिळवून दिलं. जेवणाच्या डब्याएवढी पेटी, टिकटिक करायची, टिकटिक वाढली की काटा सरकायचा. दर महिन्याला मी पहाटेची एसटी धरून घाट उतरायची. किनाऱ्यावर सात जागा ठरवल्या होत्या. प्रत्येक ठिकाणी पेटी गुडघ्याच्या उंचीवर धरायची, घड्याळ लावायचं, काटा वाचायचा, वहीत लिहायचं. वर भरती की ओहोटी, वारा कुठला, वाळू ओली की सुकी. याहून कंटाळवाणं काम मी केलेलं नाही आणि याहून प्रामाणिकही केलेलं नाही.

तिथल्या एका मावशींच्या पडवीत मी जेवायची. त्या मासे विकायच्या. गावातले लोक पेटी बघून लांब सरकायचे, त्या मात्र जवळ येऊन कान लावायच्या.

‘‘काय गो, आज काय म्हणता तुझी पेटी?’’

‘‘काही नाही मावशी. रोजचंच.’’

‘‘मग कित्याक येतंस एवढा लांब? रोजचाच ऐकूक?’’

‘‘रोजचंच लिहून ठेवायचंय.’’

‘‘कोल्हापुरात कामा नाय वाटता,’’ असं म्हणून त्या माझ्या पानात आणखी एक बांगडा टाकायच्या.

सातपैकी एका जागी, ओढा समुद्राला मिळतो तिथं, वाळू काळी होती. तिथं काटा दर महिन्याला इतर जागांपेक्षा वर जायचा. पहिल्यांदा मी तिथं तीनदा मोजलं. पुढच्या खेपेला आप्पांना घेऊन गेले. त्यांनी फाउंड्रीतलं चुंबक आणलं होतं. ते वाळूत फिरवलं तर काळे कण दाढीसारखे लटकले. आप्पांनी मूठभर वाळू तळहातावर जोखली.

‘‘जड हाय. ही डोंगरातनं वाहून आलेली हाय, प्रकल्पाचा काय संबंध न्हाय. पाणी हलकी वाळू घिऊन जातंय आणि जड मागं ऱ्हातीय.’’

माझ्या पुस्तकातही तेच होतं. अशा जड वाळूत काही कण मुळातच किरणोत्सर्गी असतात. वर्षानुवर्षांची गोष्ट. वहीत मी तसं स्वच्छ लिहिलं.

वर्ष उलटल्यावर पत्रक काढायचं ठरलं. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका क्लासच्या खोलीत आमची बैठक व्हायची. मसुदा माझा होता. वर गावाचं नाव आणि खाली दोन वाक्यं होती. पहिलं: आमच्या मोजणीत किनाऱ्यावर एका ठिकाणी जास्त किरणोत्सर्ग आढळला. दुसरं: तो तिथल्या काळ्या वाळूत निसर्गतःच आहे, आणि म्हणूनच प्रकल्पाआधीची नोंद महत्त्वाची आहे.

सर म्हणाले, ‘‘दुसरं वाक्य काढा.’’

‘‘सर, मग पहिल्याचा अर्थच बदलतो.’’

‘‘पहिलं वाक्य खोटं हाय का?’’

‘‘नाही.’’

‘‘मग झालं की. पोरी, लोक बसथांब्यावर उभ्या उभ्या वाचत्यात. निसर्गतः म्हटलं की कागद खाली टाकत्यात.’’

हात वर झाले. मी केला नाही. आप्पांकडे बघितलं. ज्या हातानं वाळू जोखली होती तो हात वर होता. बहुमत झालं. मग रीतीप्रमाणं दुसऱ्यांदा विचारलं, आणि मी हात वर केला. कुणी धाक घातला नाही. लहानपणापासून तो हात तसाच वर जायचा.

घरी येताना आप्पांना विचारलं, ‘‘तुम्ही तर स्वतः सांगितलं होतं.’’

‘‘व्हय. पण समिती फुटली तर हातात काय ऱ्हातंय?’’

पत्रक स्टँडवर वाटलं, दुकानांतून वाटलं, आणि मासळी बाजाराबाहेरही वाटलं. त्या गावचे मासे टेम्पोनं इथंच यायचे, हे आमच्या एवढ्या जागरूक समितीतल्या एकाच्याही डोक्यात आलं नाही. मी त्या गावात वर्षभर बांगडे खाल्ले होते. माझ्याही आलं नाही.

पुढच्या महिन्यात गेले तर किनाऱ्यावर जिथं तिथं बांगडे वाळत घातलेले. ताजे विकलेच गेले नव्हते. मावशींनी कमरेची पिशवी सोडून त्यातून घडी केलेलं पत्रक काढलं. टेम्पोवाल्यानं आणून दिलं होतं, शाळेतल्या मास्तरांनी वाचून दाखवलं होतं.

‘‘ह्या तूच लिवलंस मा?’’

मी सगळं सांगितलं. दुसरं वाक्य, मतदान, सगळं. त्यांनी पत्रकाची पुन्हा घडी घातली.

‘‘काळी वाळू माझ्या आजयेच्या येळेपासून थंयच आसा. आमका इचारलंस काय कधी? तुमी थंय हात वर केल्यात, हय बांगडे सुकतत.’’

कोल्हापुरात परत येऊन मी सरांना म्हटलं, दुरुस्तीचं पत्रक काढा. सर चिडले नाहीत, आणि तेच जास्त झोंबलं. ‘‘एक मागं घेतलं की आधीची समदी खोटी ठरत्यात. धूर, मळी, विहीर, समदी. चालंल तुला?’’

मला ते चालणार नव्हतं. पण वाळणारे बांगडेही चालणार नव्हते. दोन्ही वाक्यं घालून मी स्वतः एक पान लिहिलं, झेरॉक्स काढल्या आणि जन्मात पहिल्यांदा खाली माझं नाव घातलं. मासळी बाजाराच्या दारात उभी राहिले. एका गिऱ्हाइकानं पिशवी काखेत मारून सगळं वाचलं.

‘‘परवाचं खोटं म्हंतासा, मग आजचं खरं कशावरनं?’’

‘‘आज खाली नाव आहे माझं.’’

‘‘आसंल की. पर तुमी कोण?’’

शेजारची मासेवाली खदखदून हसली. ‘‘ताई, जावा घरला. गिऱ्हाईक इचारतंय कुठल्या बंदरातला माल, तर आमी त्या गावाचं नावच घेत न्हाई आता.’’

दोन महिन्यांनी प्रकल्पाची माणसं किनाऱ्यावर गेली. त्यांची यंत्रं माझ्या पेटीपेक्षा चांगली होती. त्यांनी गाव गोळा केला, काळ्या वाळूवर काटा वर जातो तो दाखवला, ती निसर्गतः आहे हे समजावून सांगितलं. माझं गाळलेलं वाक्य, जवळपास शब्दाला शब्द. आमचं पत्रक वाचून दाखवलं तेव्हा लोक हसले म्हणे. मग त्यांनी कोल्हापूरच्या व्यापाऱ्यांसाठी लेखी दाखला दिला आणि टेम्पो पुन्हा सुरू झाला. त्याबद्दल मला वाईट वाटत नाही. वाईट वाटायचा अधिकार आम्ही ठेवलेला नाही.

त्यानंतर एकदाच गेले. पेटी खांद्याला होती. मावशी अंगणात कोळंबी सोलत होत्या. उठल्या नाहीत.

‘‘गावान ठरवल्यान हा, तुमच्या पेटयेक किनाऱ्यार सोडूचा नाय. तू ये गो. जेवूक ये. ती नको.’’

त्या दिवशी मी जेवले. एकही नोंद न घेता संध्याकाळच्या गाडीनं वर आले.

समितीनं पुढं दुसरा विषय घेतला. आप्पा अजून हात वर करतात. मी बैठकीला जात नाही, त्यावरून घरात धड बोलणं नाही.

आता तो किनारा प्रकल्पाचीच माणसं मोजतात. त्यांची नोंद खोटी आहे असं मी म्हणणार नाही. खरी असेल. पण पुढं कधी काटा हलला, तर तो किती हलला हे तेच सांगणार, आणि आधी कुठं होता हेही तेच. पडताळायला दुसरी वही लागते. ती माझ्याकडं आहे, तारीखवार, भरती-ओहोटीसकट, एका अक्षराची खाडाखोड नसलेली. तिच्यावर विश्वास ठेवा, असं त्या गावाला मी कुठल्या तोंडानं सांगू?