रोज पाच वाजता पडणारं विमान

हसणार नाही अशी आधी शपथ घ्या, मगच सांगतो. घेतली? खोटी घेतलीत, तोंडावर दिसतंय. असू द्या. सुरतेत माझ्यावर हसून घ्यायचं आता कोणाचं बाकी नाही, तुमचंच तेवढं राहिलंय.

नव्वद सालानंतरची गोष्ट. पांडेसऱ्यात एका डाइंग मिलमध्ये मी जेटवर होतो. जेट म्हणजे विमान नव्हे हो! उकळत्या रंगात कापड गरागरा फिरवणारं मशीन. बारा तास त्याच्यापुढे उभं राहिलं की माणूस बटाट्यासारखा शिजतो. मला तिथे चिकटवलं होतं आमच्या भिकाबापूंनी. बापू म्हणजे डाइंग मास्टर, आमच्याच गावचे, तापीकाठचे. आमची अर्धी आळी त्यांनीच सुरतेला आणली.

एक दिवस शेठनी कॉम्प्युटर आणला. रंगांची मापं वहीऐवजी त्यात ठेवायची म्हणे. शेठनी विचारलं, "कोई ने आवडे छे?" म्हणजे कोणाला येतं का, आणि माझा हात आपोआप वर गेला! "नंदुरबारला कोर्स केलाय शेठ," मी म्हणालो. कोर्स कसला? नंदुरबारच्या स्टँडवर कोर्सची पाटी वाचली होती, एवढंच. पण त्या कॉम्प्युटरसाठी एसीची खोली बांधली होती. एसी! जेटवरच्या माणसाला एसी म्हणजे काय, ते तुम्हाला नाही कळायचं.

कॉम्प्युटर बसवायला आलेल्या इंजिनियरने एका दुपारात सगळं दाखवलं. मी "येतं, येतं, हे येतं मला," म्हणत त्याला लवकर कटवला. जाताना त्याने त्यात विमान उडवायचा एक खेळ टाकून दिला. मग पूजा झाली. पडद्यावर कुंकवाचं स्वस्तिक, वर झेंडूचा हार. टेबलाखाली स्टॅबिलायझर होता, फ्रिजला असतो तसाच, जरा मोठा. तो कायम कोमट असायचा. मी त्याच्यावर चादर टाकली आणि वर जेवणाचा डबा ठेवायला लागलो. भाजी कशी ताजी लागायची!

माझा दिवस ठरलेला. सकाळी मापं भरायची. दुपारी एक ते दीड शेठ घरी जेवायला, तेव्हा मी विमानात. दीड वाजता शेठची गाडी वाजली की पडद्याचं बटण खट्ट. पडदा काळा. मग खाली मशीनवर जाऊन नमुने गोळा करायचे आणि पाचला परत वर.

खेळात एस्केप दाबलं की उड्डाण संपायचं. बटणाने बंद केलं की विमान जिथल्या तिथे थांबतं, हे माझं शास्त्र. पोथीत खूण घालून ठेवतो ना, तसं. खाली कुठल्या परदेशातली निळी नदी दिसायची. तिला मी तापी धरलं होतं. तापी धरून वर वर गेलं की आमचं गाव येणारच!

आणि इथेच घोळ सुरू झाला. पाचला येऊन पडदा चालू करतो तर काय? विमान पडलेलं! पडद्यावर इंग्रजीत लिहिलेलं, विमान कोसळलं, पुन्हा तिथूनच चालू करायचं का?

एक दिवस म्हटलं, होतं असं. दुसऱ्या दिवशी शेतात पडलेलं. तिसऱ्या दिवशी समुद्रात. समुद्रात! मी तर ते नदीवर सोडून गेलो होतो, चांगलं ढगांच्या वर. मी कळ दाबून मेलेलं विमान जिवंत करायचो, दोन मिनिटं उडवायचो आणि जड मनाने मापं भरायला बसायचो. पण डोक्यात एकच. दीड ते पाचमध्ये माझ्या खोलीत कोण येतं? आणि त्याने शेठला सांगितलं तर? मी पुन्हा जेटवर, पुन्हा बटाटा!

तुम्हाला सांगतो, संशय हा वाईट रोग. मला सगळेच चोर दिसायला लागले. शेठच्या गाडीचा ड्रायव्हर हसला की वाटायचं, याला माहीत आहे. वॉचमनने सलाम केला की वाटायचं, आज इतका वाकून का केला?

मग एका दुपारी अडीच वाजता मी जिन्यातून पाहिलं. खोलीबाहेर चपला! कॉम्प्युटरच्या खोलीत चपला काढून जायचा नियम होता, देवघरासारखा. अंगठा तुटलेल्या, तारेने बांधलेल्या चपला. भिकाबापूंच्या!

बापू? ज्यांनी मला सुरतेत आणलं ते बापू? माझ्या जागेवर डोळा? पण पुराव्याशिवाय कसं बोलायचं?

पुरावा करणं डाइंगवाल्याला अवघड नाही. रंगाची भुकटी कोरडी असली की धुळीसारखी दिसते, नखभर टाकली तर कळतही नाही. पण ओलं बोट लागू द्या, असा रंग फुटतो की आठ दिवस निघत नाही. खालून येणारा माणूस घामाने निथळत असणार. त्या दिवशी मशीनवर सगळा माल निळा. म्हणून मी राणी रंग निवडला. दीड वाजता खेळ बंद केला आणि कीबोर्डच्या बटणांवर अगदी चिमूटभर भुकटी भुरभुरवली. मग कोणाला संशय नको म्हणून मशीनवर न जाता पाचपर्यंत कँटीनमध्ये बसून राहिलो. आहे की नाही अक्कल?

पाचला वर आलो. घाईघाईत पडदा लावला. विमान डोंगरावर आपटलेलं! रागाने कळ दाबली, घाम पुसला, मिशीवरून हात फिरवला, कान खाजवला आणि धावत खाली गेलो.

बापू मशीनपाशी उभे. दोन्ही हात कोपरापर्यंत राणी!

"बापू!" मी ओरडलो. "विमान तुम्हीच पाडलंत!"

बापू वळले. "कसानं इमान रे भो?"

"रोज पाडता! आज डोंगरावर, काल समुद्रात!"

मशीनवरच्या पोरांनी एवढंच ऐकलं, की विमान पडलं. पुढे विचारायला थांबतो कोण? अर्धी पाळी गेटबाहेर. कोणी म्हणे पलसाण्याकडे धूर दिसतोय. तिकडे चिमण्यांचा धूर रोजच असतो, पण त्या दिवशी तो विमानाचा झाला. चौघेजण टेम्पोत बसून गेलेसुद्धा! मशीनं बंद पडली आणि शेठ धोतर सावरत खाली आले.

"विमान क्यां पड्युं, भाऊ?"

"शेठ, कॉम्प्युटरमध्ये. बापूंनी पाडलं. हे बघा हात!"

बापूंनी दोन्ही हात पुढे केले. "अरे, दुपारले लगीनना माल उना. राणीना. समदासना हात देख." मी पाहिलं. लग्नाचा राणी माल दुपारीच आला होता. साठ जण, साठांचे हात राणी! "मी तठे घडीभर थंडा व्हवाले जास. तुले सुरतले कोनी आनं रे? नि तू मन्हावर आळ घेस?"

आता गप्प बसायचं की नाही? पण मी हट्टाला पेटलो. "शेठ, इंजिनियरला बोलवा. मी स्वतःच्या हाताने बंद करून जातो. कोणीतरी चालू करतंच!"

इंजिनियर दुसऱ्या दिवशी आला. खोलीत शेठ, बापू आणि मी. इंजिनियर माझ्याकडे बघून आधी हसला. का, ते मला कळेना. शेवटी त्याने विचारलं, "कम्प्युटर बंध केवी रीते करो छो?"

मी ऐटीत पुढे झालो. पडद्याचं बटण खट्ट. "असं."



इंजिनियर खाली वाकला. माझा डबा उचलला, चादर ओढली. "अने आ शुं छे?"

"स्टॅबिलायझर."

"अने आ फाट?"

"हवा जायला."

त्याने कपाळाला हात लावला. मग खेळ चालू केला, विमान वर चढवलं, पडदा बंद केला आणि आम्हाला चहा पाजला. चहा संपल्यावर पडदा लावला. विमान जमिनीत! म्हणजे दीड ते पाच माझं विमान त्या खालच्या डब्यात एकटंच उडत असायचं, बिनचालकाचं. पडणार नाही तर काय करणार? खरा कॉम्प्युटर तो होता आणि मी त्याच्यावर वांग्याची भाजी गरम करत होतो.

"कोर्स क्यां कर्यो हतो, भाऊ?" शेठनी हळूच विचारलं. मग भिंतीवरचा आरसा दाखवला. मिशी राणी, कान राणी, नाकाचा शेंडा राणी. साठांचे हात मालाने रंगले होते. माझ्या सापळ्यात सापडलेला मी एकटाच!

मी बापूंचे पाय धरले. खरंच लाज वाटली हो. बापूंनीच शेठपुढे शब्द टाकला, पोरगं शिकेल, दसऱ्यापर्यंत राहू द्या. शेठ भला माणूस, त्यांनी एसीतली खुर्ची ठेवली.

मग मी खरंच शिकलो. फाट फ्लॉपी घालायची, डबा कशाचा, सगळं. दसऱ्याला सगळ्या मशीनांची पूजा. शेठ हौसेने म्हणाले, कम्प्युटरनी पूजा भाऊ करशे. मागची चूक मी पुन्हा करतो की काय? पडद्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सगळ्यांना कळू दे मला काय येतं ते! खऱ्या कॉम्प्युटरला टेबलाखालून बाहेर काढलं, चालूच ठेवून. कुंकू लावलं, हार घातला आणि नारळ फोडून त्याचं पाणी श्रद्धेने वरून ओतलं. थोडं त्या फाटीतही.

फट्ट! धूर. साऱ्या खात्याची मापं त्या धुरात गेली.

बापू पुढे आले आणि मला जेटकडे घेऊन जाता जाता म्हणाले, "आते कोना हात देखशी रे भो?"